साडेचार मिलिमीटर खाली

—नाही हो, सुई नाही, कापाकापी नाही, काही नाही, मघापासून तेच सांगायले मी. सोनोग्राफी केलीय ना कधी? पोटावर ते गारगार जेल लावून फिरवतात—तीच लहर, फक्त इथं सगळी एका ठिपक्यावर गोळा करतात. भिंगानं उन्हात कागद जाळतात ना, तसं. वरची कातडी गारच राहते, आणि आत साडेचार मिलिमीटर खाली बारीक चटका. मग आतलं सगळं खडबडून जागं होतं, आवळायला लागतं, आणि दोन-तीन महिन्यांनी गाल वर. आता बोलू नका. खरंच बोलू नका मॅडम, जबडा हलला की रेघ चुकते. ही पांढरी पेन्सिल ओढलीय ना मी, तिच्या आतच चालवावं लागतं. दुखलं तर एक बोट वर करा, थांबायचं असलं तर दोन. हौ, असं. बाहेर फोनवर तुम्ही मराठीत बोलायल्या होत्या, तेव्हाच मी दुसऱ्या सिस्टरला म्हटलं, तू पलीकडच्या रूममधली घे, ह्या मॅडम माझ्या. पुण्याच्या ना? ओळखलंच. आम्ही नांदेडचे. म्हणजे माहेर नांदेड, सासर इथंच नारायणगुड्याला. आमच्या मराठीला हसू नका—अहो, खरंच हसू नका, गाल हलला.

उजव्या बाजूपासून घेते. टिकटिक आवाज येईल, दाढेत जरा सण्णकन जाईल, घाबरायचं नाही. माणूस गप्प पडून राहिला की सगळं लक्ष दुखण्याकडे जातं, म्हणून मी बोलत राहते. परवा एक बाई म्हणाल्या, सिस्टर, मशीनपेक्षा तुम्हीच जास्त चालता. कौतुक होतं का तक्रार, मला काही कळलं नाही. —बोट? दुखलं? हाडाजवळ दुखतंच. झालं, गेलं. —फरक पडतो का, हेच विचारायचंय ना तुम्हाला? डोळ्यांत दिसायलंय. पडतो की. म्हणजे पडतो, पण किती—बाहेर भिंतीवर ते आधीचे आणि नंतरचे फोटो बघितलेत ना? आधीच्या फोटोत बाई कधी हसत नाही, नंतरच्या फोटोत हसते. आणि हनुवटी जरा वर असते. आणि खिडकीचा पडदा उघडा असतो. ते फोटो मी नाही काढत. म्हणजे काढते मीच, पण पडदा मी नाही उघडत. जाऊ द्या ते. ह्याचा खरा फरक मी एकाच बाईचा बघितला, आणि तो मशीननं झाला का कशानं झाला, ते तुम्हीच ठरवा. नाव नाही सांगणार हं. पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते, नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. तर ह्या बाई एकसष्ट वर्षांच्या. तोंडाला आयुष्यात कधी पावडर लावली नाही. केस आरशाशिवाय विंचरायच्या, आरसा लागायचा तो फक्त डोळ्यात काही गेलं तर. तर आत्याबाई एक दिवस मला म्हणाल्या—म्हणजे त्या बाई—आता काय लपवायचं! माझ्या सासूबाई. विमलाबाई.

आधी माझ्या सासऱ्यांचं सांगते, त्याशिवाय कळणार नाही. भिवाजी त्यांचं नाव. इथं कारखान्यात फिटर होते. कावीळ झाली आणि दहा दिवसांत गेले. वय छत्तीस. आत्याबाई तेव्हा एकोणतीसच्या, आणि आमचे मिस्टर, आदर्श, पाच वर्षांचे. आत्याबाईंना त्याच कारखान्यात स्टोअरला घेतलं, तिथं तीस वर्षं काढली त्यांनी, लेकाला शिकवलं, कुणापुढं हात पसरला नाही. पण नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही. लग्न होऊन बारा वर्षं झाली मला, माझे सासरे कसे होते, काय खायचे, रागीट होते का गरीब होते, मला काही माहीत नाही. मला कशाला, लेकालाच माहीत नाही. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि बाजूला सासरे, एवढंच. तो फोटो पण कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला, सगळा धुरकट. तर गेल्या वर्षी आमच्या मिस्टरांना हौस आली. इथल्याच हिमायतनगरातल्या एका स्टुडिओत नेला आणि कॉम्प्युटरवर रंगीत करून आणला. त्या स्टुडिओवाल्यानं धूर काढला, गाल गुलाबी केले, शर्टाला आकाशी रंग दिला. आता सासरे असे दिसतात, जसे कालच इंटरव्ह्यू देऊन आलेत! आणि गंमत बघा—आमचे मिस्टर आता सदतीसचे. म्हणजे बापापेक्षा एक वर्षानं मोठे. वरून केस गेलेत, खालून पोट आलंय. फोटोखाली उभे राहिले की सासरेच त्यांचे धाकटे भाऊ वाटतात. —हसलात, हरकत नाही, ह्या वेळी मी मशीन उचललं होतं.

तर फोटो लागला आणि महिनाभरात आत्याबाईंनी मला भाजी निवडता निवडता विचारलं, गीता, तुझ्या त्या मशीननं बाई किती वर्षं मागं जाते? मी म्हटलं, आत्याबाई, जाहिरातीत पाच म्हणतात, दहा म्हणतात. त्या म्हणाल्या, पंचवीस जाते का? मी हसले. मला वाटलं, गंमत करायल्यात. गंमत नव्हती. चार दिवसांनी परत तेच. तेव्हा आमच्याकडे हे नवीन मशीन आलं होतं, डॉक्टरांनी स्टाफला सांगितलं होतं की हात बसायला घरचं कुणी आणा. घरचं कोण येतंय? सगळ्यांच्या सासवा, सगळ्यांच्या बहिणी घाबरल्या. आत्याबाई आल्या. इथंच झोपल्या, तुमच्याच जागेवर. चपला काढून पलंगाखाली सरळ ठेवल्या, पदर छातीवर घट्ट घेतला, जसं काही ऑपरेशनच आहे. मी सांगितलं, दुखलं की बोट वर करा. दोन्ही बाजू झाल्या, मॅडम, एकदा बोट नाही! माझा हात तेव्हा नवीन, दोनदा तर एकाच जागी रेघ मारली असेल मी. शेवटी विचारलं, आत्याबाई, दुखलं नाही का? म्हणाल्या, दुखलं की. मला वाटलं, दुखल्याशिवाय लागू पडत नाही.

घरी गेल्यावर सुरू झालं. बेगम बाजारातून एक हातातला आरसा आणला त्यांनी, एका बाजूनं साधा, दुसऱ्या बाजूनं मोठं दाखवणारा. चुकून मोठ्या बाजूनं बघितलं, आणि दिवसभर जेवल्या नाहीत. रोज सकाळी खिडकीत उभं राहून गालाला बोट लावून बघायच्या. मी म्हणायचे, आत्याबाई, हे असं रोज उकरून बघायचं नसतं, आत काम चालू असतं, तीन महिने लागतात. मग साड्या निघाल्या कपाटातून. आकाशी, मोतिया—ज्या आम्ही घेऊन दिल्या होत्या आणि ज्यांची घडी मोडली नव्हती. रविवारी विहारात जायच्या, ते आधीपासूनच जायच्या, पण आता अर्धा तास आधी निघायला लागल्या. आणि विहारात एक मिलिंदराव आहेत. रिटायर्ड, बायको जाऊन सहा वर्षं झाली, वंदना झाली की दोन शब्द बोलतात, आवाज चांगला आहे. ते आत्याबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायचे. दर रविवारी. आता मला सांगा मॅडम, तुम्ही शिकलेल्या—मशीन, आरसा, आकाशी साडी आणि गुडघा. तुम्ही काय समजला असता? बोट वर करू नका, दुखत नाहीये ते, मला माहितेय. मी पण तेच समजले.

आणि सांगितलं मिस्टरांना. —हळू घेते इथं, कानाजवळ जरा झोंबतं. —सांगायला नको होतं. पण मला वाटलं, बरंच आहे की, चांगलीच गोष्ट आहे, आयुष्यभर बाईनं एकटीनं काढलं. असं म्हणूनच सांगितलं मी. म्हणजे, हसत हसत सांगितलं. हसत सांगितलं हेच चुकलं. ते जेवायला बसले होते, घास तसाच राहिला हातात. आणि आत्याबाई समोरच ताक घेऊन आल्या. ते म्हणाले, आई, ह्या वयात हे काय चालवलंयस? लोकांना काय तोंड दाखवायचं मी? निदान बाबांच्या फोटोसमोर तरी— आत्याबाईंनी तेव्हाही बोट वर केलं नाही. इथं जशा पडल्या होत्या ना, मशीनखाली, तशाच. ताक ठेवलं, आत गेल्या, पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडला, मालनबाईकडे. मालनबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. फोन केला तर मालनबाईच उचलायच्या. विमल झोपलीय म्हणायच्या. सकाळी अकराला झोपलीय, दुपारी चारला झोपलीय.

आठ-दहा दिवस गेले असतील. एक दिवस दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या राज्यलक्ष्मी आल्या. नवीनच राहायला आल्यात, विजयवाड्याच्या, मोठ्या प्रेमळ, पण प्रश्न फार. हातात प्लास्टिकची फाईल. सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, गीता, माझ्या बहिणीची मुलगी आहे, टीचर आहे, चौतीस वर्षांची, जातबीत आम्ही बघत नाही, तुम्हारे देवर का बायोडाटा भी देव ना. मी म्हटलं, कोनसे देवर? आमचे मिस्टर एकुलते एक. त्या हसल्या. मला वाटलं, बाईंचं घर चुकलं. तर त्यांनी बोट केलं भिंतीकडं. आकाशी शर्टाकडं. म्हणाल्या, अरे, ये छोटे वाले! मस्कत में हैं ना?

मॅडम, मी त्या सोफ्यावर अशी बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या पहिल्यांदा आल्या होत्या ना आमच्याकडे, पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा घेऊन, तेव्हा मी ड्युटीवर. घरात आत्याबाई एकट्या. राज्यलक्ष्मींनी फोटो बघितला आणि तेलुगूत विचारलं, मी अब्बाया? म्हणजे तुमचा मुलगा का? आणि आत्याबाई म्हणाल्या, अवुनु. हो म्हणाल्या! काय झालं असेल हो त्यांना? तुम्हीच सांगा—नको, सांगू नका, हलू नका. बत्तीस वर्षं त्या फोटोखाली राहिल्या त्या, तो माणूस छत्तीसचाच राहिला आणि ह्या एकसष्टच्या झाल्या, आणि एका परक्या बाईनं येऊन एका वाक्यात ते मोजून दाखवलं. लाजल्या असतील. आता नवरा म्हणून सांगितलं तर ही बाई वर बघेल, मग माझ्याकडे बघेल—ह्याच्यापेक्षा हो म्हटलेलं बरं, असं वाटलं असेल. आणि मग एका हो-मागून दुसरं. कुठं असतो? मस्कतला. लग्न? नाही झालं अजून. आणि राज्यलक्ष्मी काय म्हणाल्या माहितेय? म्हणाल्या, तुमच्या सासूबाई रोज त्याचंच बोलतात. त्याला मीठ कमी लागतं, तो अंघोळ करताना शीळ वाजवतो, एवढा मोठा गडी पण कुत्र्याला घाबरतो, गल्लीतलं कुत्रं आडवं आलं की आईच्या मागं लपतो. बारा वर्षांत मला जे कळलं नाही, ते सगळं त्या समोरच्या बाईला माहीत! आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचवीस वर्षं. एकसष्टातून पंचवीस गेले की छत्तीस. त्यांना काही तरुण नव्हतं व्हायचं, मॅडम. त्यांना फक्त त्या फोटोतल्या माणसाच्या शेजारी शोभायचं होतं.

—पाणी का आलं? पॉवर कमी करू? नाही? बरं. पुसते हं कापसानं. डोळ्याजवळ जेल गेलं तर झोंबतं.

मिस्टरांना सांगितलं संध्याकाळी. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, चल. दुसऱ्या दिवशी रजा टाकली दोघांनी आणि गेलो नांदेडला. मालनबाईंनी दार उघडलं, तोंडावर म्हणाल्या, झोपलीय. आणि मागं आत्याबाई उभ्याच, हातात मेथीची जुडी. आमच्या मिस्टरांनी रस्ताभर पाठ केलं होतं, आई, माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं. ऐन वेळी काही आठवेना. दारातच म्हणाले, आई, बाबा कुत्र्याला घाबरायचे? आत्याबाईंनी बघितलं त्यांच्याकडे. सदतीस वर्षांचा माणूस, टक्कल पडलेला, डोळे भरलेले. त्यांना हसूच आलं. म्हणाल्या, घाबरायचे? अरे, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला पुढं करून मागं लपले होते! आणि तिथून जे सुरू झाल्या—जेवताना, बसमध्ये, निझामाबाद आलं, कामारेड्डी आलं, बाई थांबेना. पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून ऐकायला लागला. शीळ कुठली वाजवायचे ते सुद्धा करून दाखवलं. त्यांना शीळ येत नाही, नुसती हवा.

घरी आलो आणि तासाभरात राज्यलक्ष्मी हजर. फाईल घेऊन! मी डोळ्यांनी खुणावते, नको, आज नको, पण ती बाई कुठली ऐकते. आत्याबाईंनी चहा टाकला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, पेळ्ळी अयिपोयिंदी. लग्न झालंय त्याचं. राज्यलक्ष्मी म्हणाल्या, अरे! एवरितो? कुणाशी? आत्याबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, नातोने. माझ्याशीच. तुम्हाला सांगते, ती बाई एकदा वर बघते, एकदा आत्याबाईंकडे, एकदा वर, एकदा आत्याबाईंकडे. शेवटी चहाचा मोठा घोट घेतला आणि म्हणाली, आंटी, पैले बोलना था ना! मैं लड़की वालों को अब क्या बोलूँ?

—थांबा, हसून घ्या, मी पण जेल वाढवते. इथून आता हनुवटीखाली.

नाही, फोटो आहे तसाच आहे. मध्ये एकदा आत्याबाई म्हणाल्या, मी मागं जाईना तर त्यांना पुढं आणा. गेलो परत त्या स्टुडिओवाल्याकडे. तो म्हणाला, हौ आंटी, हो जाता, आणि बसल्या बसल्या सासऱ्यांना पांढरे केस दिले, चष्मा दिला, गाल ओघळवले. आम्ही पैसे घेऊन इथं गाल वर करतो, तो फुकटात खाली करायला बसलेला! आत्याबाईंनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, हा कोण म्हातारा? ह्याला मी ओळखत नाही. पुसून टाक. आता घरी कुणी आलं की त्याच आधी सांगतात, हे माझे मिस्टर, ह्यांना छत्तीसच्या पुढं मोजता यायचं नाही. आणि मिलिंदराव? ते गुडघ्याचं खरंच गुडघ्याचंच होतं हो, त्यांची बायको गुडघ्यानंच अंथरुणाला खिळली होती. मागच्या रविवारी त्यांनी मला चपलांजवळ गाठलं आणि हळूच विचारलं, ते मशीन पुरुषांना चालतं का? मी ह्या वेळी घरी काही सांगितलं नाही. शिकले.

फरक? गेल्या महिन्यात तीन महिने पुरे झाले, मीच काढला नंतरचा फोटो. पडदा बंद ठेवून काढला, मुद्दाम. गाल वर आलेत, मॅडम, इथं जबड्याची रेघ दिसते. पण दिवसभर जबडा चालू असतो त्यांचा आता, ह्यांचे बाबा असे आणि ह्यांचे बाबा तसे, त्यात मशीनचं किती आणि बोलण्याचं किती, मी कसं सांगू? एकच गोष्ट राहिलीय. तो संशय पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला, हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, लेकाच्याच मनात आलं. मिस्टरांनी माझं नाव घेतलं नाही. रोज वाटतं, सांगावं. भाजी निवडताना अगदी ओठांवर येतं. आणि त्या म्हणतात, गीता, तू होतीस म्हणून मला आणायला आला तो, त्याला कुठलं एवढं सुचायला. मग मी मेथीत तोंड घालते. आता हे मी तुम्हाला का सांगायले? मिस्टरांशी नाही बोलले मी हे, माझ्या आईशी नाही. तुम्ही पडल्यात गप्प, तोंड हलवायची चोरी, म्हणून—

दोन बोटं? थांबू? काय झालं? उठता कुठं, मॅडम, उठायचं नाही! घरी? आत्ता? माझी गोष्ट ऐकून? अहो, उजवी बाजूच झालीय फक्त! अर्ध्यातून गेलात तर एक गाल वर आणि एक खाली, मुलीच्या लग्नात सगळे फोटो एकाच बाजूनं काढावे लागतील! मुलीचं लग्न लिहिलंय ना तुम्ही फॉर्मवर, कारणाच्या जागी? सगळ्याच तेच लिहितात. मी विचारणार नाही. खरं काय ते माझ्याजवळ बोलूच नका, माझ्या पोटात काही राहत नाही, बघितलंत तुम्ही. झोपा. हौ, अशा. डावी बाजू मी एक शब्द न बोलता करते—

शूऽ. दार वाजलं. डोळे मिटा. मिटा, मिटा. —जी डॉक्टर! लेफ्ट साइड शुरू कर रई हूँ. नै नै, बातां कौन कर रै, मॅडम तो कब के सो गए.